चिनी भाषेचा अभ्यास : परदेशी केव्हा जावे?

इसवी सन ६७१ मध्ये इ-त्सिंग नावाचा एक चिनी भिक्षू क्वांगचौ बंदरातून एका इराणी व्यापाऱ्याच्या जहाजाने दक्षिणेकडे निघाला. त्याला नालंदा गाठावयाचे होते. सुमारे वीस दिवसांच्या प्रवासानंतर जहाज सुमात्रा बेटावरील श्रीविजय या राज्यात लागले. तेथून भारताची वाट खुली होती. परंतु इ-त्सिंगने घाई केली नाही. सहा महिने तेथे थांबून त्याने शब्दविद्या, म्हणजे संस्कृत व्याकरण, शिकण्यास आरंभ केला. पुढे ६७३ मध्ये तो ताम्रलिप्तीस उतरला आणि तेथेही काही काळ भाषेचाच अभ्यास करून मग नालंदेच्या दारी गेला. नालंदेत त्याने सुमारे दहा वर्षे काढली. परतीच्या वाटेवर लिहिलेल्या आपल्या वृत्तांतात त्याने आपल्या देशबांधवांना सल्ला दिला आहे की, भारतात उच्च अध्ययनासाठी जाऊ इच्छिणाऱ्याने आधी एक-दोन वर्षे श्रीविजयात राहून भाषेची व आचाराची तयारी करावी आणि मगच पुढे जावे.

तेराशे वर्षांनंतर प्रवासाची दिशा उलटली आहे, प्रश्न मात्र तोच आहे. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, पाली किंवा बौद्ध अध्ययन हे विषय घेऊन पदवी मिळविणारा एखादा विद्यार्थी चीनविषयक संशोधनाकडे वळू इच्छितो. एम. ए. किंवा पुढे पीएच. डी. साठी चिनी भाषा लागणार, हे त्याला ठाऊक असते. अशा वेळी पदव्युत्तर शिक्षणास प्रारंभ करण्यापूर्वी एक वर्ष तैपेई किंवा बीजिंग येथे जाऊन केवळ भाषा शिकावी, की आधी विद्यापीठात प्रवेश घेऊन भाषा तेथेच हळूहळू आत्मसात करावी? गावात हा प्रश्न प्रथम येतो तो शाळेतील शिक्षकाकडे किंवा पंचायतीतील एखाद्या जाणत्या सभासदाकडे. दाखले, उत्पन्नाचे प्रमाणपत्र, पारपत्र यांच्या निमित्ताने तो अधिकाऱ्यांच्या मेजावरही येतो. वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला गेलेली मुले आता अनेक तालुक्यांत आढळतात. परंतु केवळ भाषेसाठी जाणे ही गोष्ट अद्याप अपरिचित असल्याने तिच्याबाबत सल्ला देणारी माणसे थोडी आहेत.

चिनी भाषा किती कठीण?

चिनी भाषेच्या काठिण्याविषयी आपल्याकडे जितक्या दंतकथा आहेत तितकी माहिती नाही. उच्चारांच्या बाबतीत तर मराठी भाषकाला काही सोयी जन्मतःच मिळालेल्या आहेत. ‘क’ आणि ‘ख’, ‘त’ आणि ‘थ’ यांतील अल्पप्राण-महाप्राण भेद चिनी भाषेत मूलभूत आहे. इंग्रज वा जर्मन विद्यार्थ्याला तो महिनोन्‌महिने घोटावा लागतो. मराठी मुलाला तो बाराखडीतच मिळालेला असतो. ‘चाक’ आणि ‘चार’ या शब्दांतील दोन निरनिराळे ‘च’ मराठी माणूस नकळत वेगळे उच्चारतो. चिनी भाषेतही जवळजवळ असेच दोन ‘च’ आहेत आणि शिवाय जीभ मागे वळवून उच्चारावयाचा तिसरा. हिंदी भाषकाला यांपैकी एक नव्याने शिकावा लागतो, आपल्याला तो आयता आहे. १९५८ मध्ये चीनने स्वीकारलेल्या रोमन लेखनपद्धतीत ‘डी’ हे अक्षर आपल्या ‘त’ साठी आणि ‘टी’ हे ‘थ’ साठी योजलेले आहे, एवढे आरंभीच सांगितले तर पुष्कळ गोंधळ टळतो.

खरी अडचण स्वरांच्या चढउतारांची. ‘मा’ हा एकच उच्चार सपाट उंच स्वरात केला तर आई, चढत्या स्वरात केला तर ताग, खाली जाऊन वर येणाऱ्या स्वरात घोडा आणि झटक्याने उतरणाऱ्या स्वरात शिवी देणे, असे चार निरनिराळे शब्द होतात. हे कानाला वळण लावण्याचे काम आहे. ते पुस्तकातून होत नाही आणि एकदा चुकीचे वळण लागले की सुटता सुटत नाही. म्हणून पहिल्या काही महिन्यांत चांगला शिक्षक मिळणे फार महत्त्वाचे असते; मग तो शिक्षक पुण्यात असो, वर्ध्यात असो की तैपेईत.

दुसरी अडचण लिपीची. चिनी लिपीत वर्णमाला नाही. प्रत्येक अक्षरचिन्ह स्वतंत्रपणे ओळखावे व लिहावे लागते. चीनमध्ये १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या नित्योपयोगी चिन्हांच्या यादीत ३,५०० चिन्हे होती. पदवी परीक्षेस बसणारा विद्यार्थी एवढी चिन्हे एका वर्षात पाठ करू म्हणेल तर दिवसाला दहा चिन्हे होतात. पाठ करणे अशक्य नाही, टिकवणे मात्र कठीण आहे.

तासांचा हिशेब

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कित्येक दशके परभाषा शिकवीत आली आहे. तिच्या अनुभवानुसार कामकाजापुरते प्रावीण्य मिळविण्यास चिनी भाषेसाठी सुमारे ८८ आठवडे, म्हणजे वर्गातील सुमारे २,२०० तास लागतात. फ्रेंच किंवा स्पॅनिशसाठी याच्या निम्म्याहूनही कमी वेळ पुरतो. हा अंदाज इंग्रजी मातृभाषा असणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसंबंधीचा आहे, तेव्हा तो जसाच्या तसा आपल्याला लागू पडणार नाही. परंतु प्रमाण समजण्यास तो उपयोगी पडतो. त्यातील आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. या ८८ आठवड्यांपैकी साधारण निम्मा काळ ती भाषा जेथे बोलली जाते त्या देशात घालवावा, अशी त्या संस्थेची शिफारस आहे. म्हणजे आधीचा निम्मा भाग घरी व नंतरचा निम्मा तेथे. ही योजना इ-त्सिंगच्या सल्ल्याहून फारशी वेगळी नाही.

हाच हिशेब आपल्या परिस्थितीत मांडून पाहावा. आपल्याकडील अंशकालीन प्रमाणपत्र किंवा पदविका वर्गात आठवड्यास सहा तास व वर्षास तीस आठवडे अध्यापन होते असे धरले, तर वर्षाला १८० तास होतात. परदेशातील भाषाकेंद्रात आठवड्यास पंधरा तासांचे अध्यापन हे किमान मानले जाते. अठ्ठेचाळीस आठवडे धरल्यास ते ७२० तास होतात. याचा अर्थ असा की, परदेशातील एक वर्ष म्हणजे येथील चार वर्षे. हा आकडा मोहात पाडणारा आहे आणि कित्येक विद्यार्थी तो ऐकूनच जावयास निघतात.

परंतु ७२० म्हणजे २,२०० चा एक तृतीयांशच. शून्यापासून सुरुवात करून वर्षभर तेथे राहिलेला विद्यार्थी बाजारहाट करतो, घरमालकिणीशी बोलतो, वृत्तपत्राच्या मथळ्यांचा अर्थ लावतो. संशोधनासाठी लागणारे वाचन मात्र त्याला येत नाही. उलट, येथे दोन वर्षांत ३६० तास शिकून जो तेथे जातो, त्याची बेरीज १,०८० होते, म्हणजे जवळजवळ निम्मा पल्ला. त्याचे तेथील पहिले तीन महिने ‘हे काय, ते किती’ यात वाया जात नाहीत. तो प्रथमपासूनच परिच्छेद वाचू लागतो. प्रवासखर्च, व्हिसा, घरभाडे, एका वर्षाचा विलंब हे दोघांना सारखेच पडतात. फळ मात्र सारखे नसते. म्हणून कोरी पाटी घेऊन जाणे हा या एका वर्षाचा सर्वांत महाग उपयोग होय.

पाया येथे घालता येतो काय?

घालता येतो, जरी सर्वत्र नव्हे. शांतिनिकेतनात तान युन-शान यांच्या प्रयत्नांनी १९३७ मध्ये चीन भवन स्थापन झाले. भारतातील चिनी अध्ययनाची ती पहिली पेढी. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ व दिल्ली विद्यापीठ, वाराणसीत काशी हिंदू विद्यापीठ, हैदराबादेत इंग्रजी व परदेशी भाषांचे विद्यापीठ येथे चिनी भाषेचे शिक्षण मिळते. महाराष्ट्रात वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठाने चिनीचे अभ्यासक्रम चालविले आहेत; मुंबई-पुण्यात खाजगी वर्ग आहेत. जिल्ह्याच्या गावी मात्र काहीच नाही, हे मान्य केले पाहिजे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात माध्यमिक स्तरावरील परदेशी भाषांच्या उदाहरणांत चिनीचा उल्लेख होता. २०२० च्या अंतिम धोरणात तो राहिला नाही. शाळेतून ही भाषा शिकून आलेला विद्यार्थी नजीकच्या काळात भेटण्याचा संभव त्यामुळे कमीच आहे. पाया घालण्याचे काम पदवीच्या वर्षांतच, विषयाच्या अभ्यासाबरोबर, करावे लागते.

पुढे काय शिकावयाचे?

वर्ष घ्यावे की न घ्यावे, याचे उत्तर भाषेपेक्षा पुढील विषयावर अधिक अवलंबून असते. ‘चिनी भाषा’ या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन-तीन भाषा वावरतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

ज्याला आजच्या चीनची अर्थव्यवस्था, परराष्ट्र धोरण, ग्रामीण कारभार यांचा अभ्यास करावयाचा आहे त्याला आधुनिक बोली व लेखी भाषा लागते. त्याने सरकारी दस्तऐवज वाचावयाचे, वृत्तपत्रे चाळावयाची, माणसांशी बोलावयाचे. त्याच्या दृष्टीने परदेशातील वर्षाला पर्याय नाही आणि ते शक्य तितके लवकर झालेले बरे. भारतातील चीनविषयक लिखाणाचा मोठा भाग अद्याप इंग्रजी भाषांतरांवर व पाश्चात्त्य अभ्यासकांच्या निष्कर्षांवर उभा आहे. १९६२ नंतर आणि पुन्हा २०२० च्या गलवान संघर्षानंतर ही उणीव प्रकर्षाने जाणवली. शेजारी काय म्हणतो ते तिसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणे ही काही समाधानाची स्थिती नव्हे. ‘चीनशी आपले बरे नाही, मग त्यांची भाषा कशाला?’ असे गावात कोणी विचारले तर संबंध बिघडलेले असतानाच ती अधिक लागते, असे त्याला सांगावे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतचा बहुतेक राज्यव्यवहार व ग्रंथव्यवहार अभिजात चिनी भाषेत झाला. आधुनिक चिनी जाणणाऱ्याला ती आपोआप समजत नाही. ज्ञानेश्वरी मूळातून वाचण्यास आजच्या मराठी वाचकाला जे कष्ट पडतात त्याहून कितीतरी अधिक कष्ट तेथे पडतात. परदेशातील सामान्य भाषाकेंद्रांत पहिल्या वर्षी अभिजात भाषेस स्पर्शही होत नाही. तेव्हा अशा विद्यार्थ्याने एका वर्षात ‘चिनी येऊन जाईल’ अशी अपेक्षा ठेवू नये. तथापि अमेरिकेतील किंवा युरोपातील नामांकित विद्यापीठात चिनी इतिहासात पीएच. डी. करावयाची असेल, तर प्रवेशाच्या वेळीच काही वर्षांची चिनी भाषा अपेक्षित असते आणि तेथे हे वर्ष प्रवेश मिळणे व न मिळणे यांतील अंतर ठरू शकते.

तिसरा प्रकार महाराष्ट्राला विशेष जवळचा आहे. १९५६ मध्ये नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर पाली व बौद्ध अध्ययनाकडे येथील विद्यार्थ्यांची ओढ वाढली. पाली निकायांना समांतर असे आगम ग्रंथ चौथ्या-पाचव्या शतकांत भारतीय मूळांवरून चिनीत उतरविले गेले. मूळ संस्कृत-प्राकृत पोथ्यांचा बराचसा भाग काळाच्या ओघात नाहीसा झाला. चिनी भाषांतरे मात्र राहिली. सातव्या शतकात महाराष्ट्र पाहून पुलकेशीचे वर्णन लिहून ठेवणारा युआन श्वांग आपल्याला शालेय पुस्तकांतून परिचित आहे. त्याचा हा वृत्तांत आपल्यापर्यंत आला तो मुख्यत्वे बील व वॉटर्स यांच्या इंग्रजी भाषांतरांवाटे. हे ग्रंथ मूळातून वाचावयाचे तर बोलभाषा दुय्यम ठरते. अभिजात चिनी, त्यातही बौद्ध ग्रंथांची विशिष्ट परिभाषा आणि पाली-संस्कृतचे पक्के ज्ञान ही तेथे खरी सामग्री होय. पुढे जपानीही शिकावी लागते, कारण चिनी त्रिपिटकाची आज सर्वत्र वापरली जाणारी तैशो आवृत्ती १९२४ ते १९३४ या काळात जपानमध्ये निघाली आणि त्यावरील आधुनिक संशोधनाचा मोठा साठा जपानीत आहे. अशा विद्यार्थ्याने पदव्युत्तर शिक्षणाआधी वर्षभर बाजारातील संभाषण शिकण्यापेक्षा आधी एम. ए. करून, ग्रंथ ठरवून, मग जाणे अधिक फलदायी ठरते.

तीन मराठी वाटा

याची उदाहरणे आपल्या प्रांतात आहेत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविणारे पु. वि. बापट हार्वर्डला गेले ते विषय पक्का करून. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ सहाव्या शतकाच्या आरंभी संघपालाने केलेल्या चिनी भाषांतराच्या रूपाने टिकून राहिला आहे. त्याची बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, तो १९३७ मध्ये पुण्यात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे १९७० मध्ये हिराकावा यांच्या सहकार्याने त्यांनी विनयाच्या अट्ठकथेच्या चिनी भाषांतराचे इंग्रजी रूपांतर सिद्ध केले व ते भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने छापले. येथे विषय आधी आणि भाषा त्याच्या गरजेपोटी, असा क्रम दिसतो. पाली पक्की असल्यामुळे चिनी वाक्यामागचे भारतीय वाक्य त्यांना दिसू शकत होते. हा लाभ कोणतेही भाषाकेंद्र देऊ शकत नाही.

वसंत वासुदेव परांजपे यांची वाट दुसरी. संस्कृतचे अभ्यासक असलेले परांजपे १९४७ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात गेले. १९४९ च्या आरंभी ते शहर साम्यवादी सैन्याच्या ताब्यात आले. केवळ भाषा शिकावयास गेलेल्या तरुणाला राजवट बदलताना प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. १९५४ मध्ये पंडित नेहरू व माओ यांच्या भेटीत दुभाषाचे काम त्यांनी केले. हे काम पुस्तकी चिनीने झाले नसते.

आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेले ते भाषा शिकण्यासाठी नव्हेच. रुग्णांशी व विद्यार्थ्यांशी बोलावे लागते म्हणून ते चिनी शिकले आणि त्या भाषेतून शिकवूही लागले. १९४२ मध्ये त्यांचा अंत झाला. गरज हाच तेथे गुरू होता. तिन्ही वाटा खऱ्या आहेत. फक्त एकीचा नकाशा घेऊन दुसरीवर चालू नये.

तैपेई की बीजिंग?

मुख्य भूमीवर १९५६ पासून सोपी केलेली चिन्हे रूढ झाली. तैवान व हाँगकाँग येथे पारंपरिक चिन्हेच चालू राहिली. आजच्या चीनच्या अभ्यासकाला सोपी चिन्हे हवीत. जुने ग्रंथ वाचणाऱ्याला पारंपरिक चिन्हांवाचून गत्यंतर नाही. पारंपरिक शिकलेल्यास सोप्या चिन्हांची ओळख करून घेणे त्यामानाने हलके जाते, उलट बाजूने कष्ट अधिक पडतात, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

बीजिंगचे भाषा व संस्कृती विद्यापीठ १९६२ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिकविण्याचे काम करीत आहे. तैपेई येथील नॅशनल तैवान नॉर्मल विद्यापीठाचे भाषाकेंद्र १९५६ चे. तैपेईतच नॅशनल तैवान विद्यापीठात आणखी एक केंद्र आहे. तेथे तीन-चार विद्यार्थ्यांचा एक वर्ग आणि रोज एक तास स्वतंत्र शिक्षक अशी पद्धत असून जगभरचे संशोधक विद्यार्थी तेथे येतात. ते खर्चिक आहे आणि कोऱ्या विद्यार्थ्यासाठी नव्हे.

व्यवहाराची बाजूही पाहावी लागते. २०२० मध्ये साथीमुळे चीनने विद्यार्थी-व्हिसा थांबविले, ते २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. दोन देशांमधील थेट विमानसेवा तर २०२० पासून थेट ऑक्टोबर २०२५ पर्यंत बंद होती. या काळात कित्येक संशोधकांच्या योजना अधांतरी राहिल्या. मुख्य भूमीवर सर्व भिस्त ठेवणाऱ्याने हा अनुभव विसरू नये. तैवानशी भारताचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. तथापि तैपेईचे आर्थिक व सांस्कृतिक केंद्र १९९५ पासून दिल्लीत काम करते आणि २०२४ मध्ये मुंबईतही त्याचे कार्यालय सुरू झाले. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला दिल्लीचे हेलपाटे घालण्याची गरज त्यामुळे कमी झाली आहे.

पैशाचा प्रश्न

तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची ‘ह्वायू’ शिष्यवृत्ती केवळ भाषेसाठी असते. दोन महिन्यांच्या उन्हाळी वर्गापासून वर्षभरापर्यंत तिचे प्रकार आहेत. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ही शिष्यवृत्ती म्हणजे दरमहा मिळणारी ठरावीक रक्कम. वर्गाचे शुल्क, घरभाडे, जेवण हे सर्व तिच्यातूनच भागवावयाचे असते आणि विमानभाडे स्वतःचे. चीन सरकारच्या शिष्यवृत्तीत शुल्कमाफी, निवास व निर्वाहभत्ता यांचा समावेश असतो. तिच्या पदव्युत्तर प्रकारात गरज असल्यास आरंभी भाषेचे वर्ष जोडून मिळते. ज्याला पुढील पदवी चीनमध्येच घ्यावयाची आहे त्याने आधी स्वतंत्र वर्ष घेण्याऐवजी ही सोय पाहावी. एकाच शिक्षणक्रमात दोन्ही कामे होतात.

आपल्याकडील राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर पदवी व पीएच. डी. साठी आहेत. पदवी न देणारे भाषावर्ष त्यांत बसत नाही. शिवाय केंद्राच्या योजनेच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा व इतिहास हे विषय वगळण्यात आले होते. बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासकाने त्या त्या वर्षीची अधिसूचना म्हणूनच बारकाईने वाचावी. बँकांची शैक्षणिक कर्जेही मुख्यत्वे पदवी व पदविकांसाठी आखलेली असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वाशीम जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी इतिहास घेऊन बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात आहे आणि तिला चीनच्या आधुनिक इतिहासात संशोधन करावयाचे आहे. वडिलांची शंका रास्त आहे : वर्षभर राहून हाती पदवी नाही, केवळ प्रमाणपत्र, धाकट्या भावाचे शिक्षण समोर, नातेवाईक लग्नाचे विचारतात. मुलीची बाजूही रास्त आहे : एकदा एम. ए. सुरू झाले की सलग वर्ष मिळणार नाही. अशा वेळी ‘जा’ किंवा ‘जाऊ नकोस’ यांपेक्षा उपयोगी सल्ला तिसराच आहे. तिने उरलेली दोन वर्षे येथेच, मिळेल त्या मार्गाने, भाषा सुरू करावी. रोज दीड तास ती टिकते का हे पाहावे. पदवीच्या अखेरीस चीन सरकारच्या मान्यतेच्या भाषापरीक्षेची तिसरी पातळी तिने ओलांडली असेल तर वर्षाचा खर्च सार्थकी लागण्याचा भरवसा धरता येतो. ती सुरुवातच सहा महिन्यांत मागे पडली असेल तर कुटुंबाचे पैसे वाचले आणि मुलीलाही स्वतःचा कल समजला.

वयाची भीती मात्र अनाठायी आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी सर्वसाधारण गटात ३० वर्षांची मर्यादा असून महिला व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पदवीधर झालेल्यास एक वर्ष जड नाही. जड जाते ते परतल्यानंतरचे रिकामे वर्ष. चिनी चिन्हे हाताच्या सवयीवर टिकतात. परत येऊन ज्याला वर्षभर चिनी वाचावयास मिळाली नाही, त्याची निम्मी मिळकत गळून जाते. त्यामुळे भाषेचे वर्ष व पदव्युत्तर प्रवेश यांमध्ये खंड पडू देऊ नये. जाण्यापूर्वीच पुढील प्रवेशपरीक्षा केव्हा आहे, ती तेथून येऊन देता येईल काय, मिळालेला प्रवेश वर्षभर राखून ठेवता येतो काय, याची विचारणा विद्यापीठाकडे लेखी करून ठेवणे इष्ट.

शेवटी वेळापत्रकाचा मुद्दा. तैवानच्या शिष्यवृत्तीचे अर्ज सर्वसाधारणपणे फेब्रुवारी व मार्च या महिन्यांत घेतले जातात आणि वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होतात. आपल्या विद्यापीठांचे निकाल जून-जुलैत लागतात. म्हणजे अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षात, निकाल हाती नसतानाच करावयाचा असतो. त्यासाठी मागील वर्षांच्या गुणपत्रिका, महाविद्यालयाचे इंग्रजीतील प्रमाणपत्र, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे व चालू पारपत्र ही कागदपत्रे जानेवारीअखेर तयार लागतात. अर्ज विद्यार्थ्याने स्वतः करावयाचा असतो. त्यासाठी कोणत्याही दलालाची आवश्यकता नाही. पहिली रक्कम तेथे पोहोचून नावनोंदणी झाल्यानंतरच मिळते, तेव्हा विमानभाडे, पहिले शुल्क आणि निदान दोन महिन्यांचा निर्वाह यांची तजवीज घरूनच करून न्यावी लागते. पारपत्रावरील नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव व गुणपत्रिकेवरील नाव एकसारखे आहे की नाही, हे मुख्याध्यापकांनी वर्षभर आधीच पाहून घेतले तर ऐन वेळी तहसील कचेरीत होणारी धावपळ वाचते.